घर घेण्यापूर्वी पाण्याची चौकशी

मुलीसाठी स्थळ पाहावयाचे झाले म्हणजे आपल्या घरांतून केवढी चौकशी होते! घराणे कसे, माणसे कशी, मुलाचे शिक्षण कोठवर, पूर्वी काही दुखणे होते काय, एकही गोष्ट विचारल्यावाचून राहत नाही. आणि समोरासमोर विचारता येत नसेल तर आडून विचारावयास चार नातलग पाठविले जातात. परंतु तेच कुटुंब जन्माची शिल्लक खर्चून घर घ्यावयास निघाले म्हणजे एका रविवारच्या सकाळी दोन तासांत सारे उरकते. हवा खेळती आहे, देवघरास जागा आहे, शाळा जवळ आहे, एवढे पाहिले की विसार देण्याची घाई सुटते. नळाला पाणी किती वेळ येते हे प्रत्येकजण विचारतो. घरात पाणी किती वेळा आले हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहिला, म्हणून या महिन्यात त्याविषयी लिहावयाचे योजिले आहे.

आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त सांगलीस गेले व तेथेच स्थायिक झाले. आमची आई त्यांच्याजवळ असते. तिचे वय आता शहाऐंशी. गुडघ्यांनी जबाब दिल्यापासून तिला जिना चढवत नाही, आणि बंधूंची भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा कोकणातील वडिलोपार्जित जमिनीचा आम्हां भावांचा वाटा विकून आलेले पैसे एकत्र करावे, उरलेल्या रकमेसाठी पुतण्याने बँकेचे वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढावे, आणि आईला उंबऱ्यातून थेट अंगणात येता येईल असे तळमजल्याचे घर घ्यावे, असे ठरले. पैसा सर्वांचा, कर्ज पुतण्याच्या डोक्यावर, आणि घर आईसाठी. चूक झाली असती तर ती तिन्ही पिढ्यांस भोवली असती.

फाल्गुनात पुतण्याचा दूरध्वनी आला. “काका, घर मिळाले. बैठा बंगला आहे, पुढे पारिजातक, मागे विहीर. किंमत आसपासच्या दरापेक्षा बरीच कमी आहे, कारण मालकांना मुलाकडे बंगळुरास जावयाची घाई आहे. तुम्ही एकदा येऊन पाहा, म्हणजे विसार देऊन टाकू.” मालकांना घाई होती हे खोटे नव्हते. परंतु एका स्वस्ताईस दोन कारणे असू शकतात.

आम्ही गेलो त्या दिवशी ऊन रखरखीत होते व नदी दूर खाली शांतपणे वाहत होती. नदीकाठच्या गावात घर पाहण्यास उन्हाळ्यासारखा फसवा ऋतू नाही. बंगला खरोखरीच सुरेख होता. बंधू विहीर पाहत होते, आम्ही कागदपत्रे चाळीत होतो, आणि वहिनी मात्र खोल्या-खोल्यांतून भिंतींकडे पाहत हिंडत होत्या. थोड्या वेळाने त्या आम्हांस हळूच म्हणाल्या, “भाऊजी, या घरात विजेची बटणे इतकी उंच का हो? येथे लहान मुले तर कोणी नाहीत. आणि दारांना खालून दीड हात नवी फळी जोडलेली आहे, ती पाहिलीत का?”

आम्ही पाहिली नव्हती. मग पाहू लागलो. प्रत्येक खोलीत छातीपर्यंत गडद तेलरंगाचा पट्टा होता, आणि त्या रंगाखालून एका कोपऱ्यात खार फुटून पापुद्रे सुटले होते. विजेचे मीटर डोक्याच्याही वर बसविलेले होते. कपाटांचे तळचे खण रिकामे होते. पाणी येऊन गेलेले घर रंगवून लपविता येते, परंतु त्यात राहणाऱ्या शहाण्या माणसांनी पाण्याच्या भयाने ज्या सोयी करून ठेविलेल्या असतात, त्या लपत नाहीत.

तेथून आम्ही समोरच्या वाण्याच्या दुकानात गेलो. दलालास विचारूच नये असे आमचे म्हणणे नाही; परंतु ज्याचा आपल्या खरेदीत छदामही गुंतलेला नाही अशा माणसास आधी विचारावे. वाणी, परीट, शाळेचा शिपाई, देवळाचे गुरव, यांच्याजवळ गल्लीचा इतिहास असतो. विचारण्याचीही एक रीत आहे. “इथे पूर येतो का हो?” असे विचारले की “छे, छे, तसे काही नाही” असे उत्तर मिळते, कारण आपल्या गल्लीची बदनामी कोणास आवडत नाही. सांगलीत विचारावयाचे ते असे : “आयर्विनला किती फूट झाले म्हणजे तुमच्या पायरीला पाणी लागते?” १९२९ मध्ये बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. तेथे चाळीस फूट ही इशाऱ्याची व पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. आणि पावसाळ्यात त्या गावी आकाशवाणीच्या बातम्यांइतक्याच आस्थेने हा आकडा ऐकला जातो. वाण्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “पन्नासला माझ्या पायरीशी.” आणि मग त्याने भिंतीवरील दोन रेघा दाखविल्या. वरची ऑगस्ट २०१९ ची, त्या वेळी पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. खालची जुलै २०२१ ची, तेव्हा ते सुमारे ५४ फूट होते. “ही रेघ मी स्वतः खिळ्याने ओढली आहे,” तो म्हणाला. कोणत्याही सरकारी दाखल्याहून आम्हांस त्या खिळ्याच्या रेघेचा अधिक भरवसा वाटला.

पुतण्या अभियंता नसला तरी हिशेबी आहे. त्याने ओळखीच्या गवंड्यास बोलावले. गवंडी लोक दोन ठिकाणची उंची जुळविण्यासाठी पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी वापरतात. नळीच्या दोन्ही टोकांस पाणी एकाच पातळीत राहते, एवढेच त्यातील शास्त्र. नळीचे एक टोक वाण्याच्या रेघेशी धरले आणि दुसरे रस्ता ओलांडून बंगल्याच्या ओसरीवर नेले. २०२१ चे पाणी ओसरीच्या फरशीवर एक फुटाच्या आत-बाहेर भरत होते, आणि २०१९ चे चार फुटांहून थोडे वर. आईची खाट जमिनीपासून दीड फूट आहे. कोणी काही बोलले नाही.

मालकांस सरळ विचारले तेव्हा त्यांनीही काही लपविले नाही. “आले होते दोनदा. तुम्ही विचारले असते तर मी सांगितलेच असते,” असे ते म्हणाले, आणि आमचा त्यांच्यावर राग नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा विक्रेता आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

येथे सांगलीच्या पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गावाबाहेरून येणाऱ्यांची फसगत तेथेच होते. सांगलीस पाऊस बेताचाच पडतो. परंतु महाबळेश्वराकडून येणारी कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते, आणि वारणा हरिपुरापाशी येऊन मिळते. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर जे कोसळते ते सांगलीच्या दारावरून जाते. गावात आभाळ मोकळे असता नदी चढू शकते. शिवाय या भागात नदीचा उतार फारच कमी असल्यामुळे चढलेले पाणी उतरावयास दिवसेंदिवस लागतात. २००५, २०१९ आणि २०२१, असे तीन मोठे पूर सतरा वर्षांच्या आत येऊन गेले.

आता पूररेषांविषयी. जलसंपदा विभागाने नद्यांच्या काठी दोन रेषा आखण्याची पद्धत ठेविली आहे. निळी रेषा म्हणजे ढोबळ मानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. तेथे बाग, मैदान, उघडा बाजार असावा, घर नसावे. निळ्या व लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित. तेथे लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंचीवर बांधकामास परवानगी मिळू शकते. महानगरपालिकेच्या नगररचना कार्यालयात आपला सर्व्हे नंबर सांगून या रेषांच्या संदर्भात जागा कोठे येते हे लेखी मागावे. परंतु हे नियम नव्या बांधकामास लागू पडतात. रेषा आखण्यापूर्वी जी घरे उभी राहिली, ती काही या नियमामुळे दीड फूट वर उचलली गेलेली नाहीत. आमचा बंगला त्यांतलाच होता.

“शंभर वर्षांतून एकदा” या शब्दांनी मात्र सुशिक्षितही फसतात. पुतण्याच म्हणाला, “काका, शंभर वर्षांचा पूर २०१९ ला येऊन गेला, म्हणजे आता आपल्या हयातीत चिंता नाही.” हा हिशेब चुकीचा आहे. नदी पंचांग पाहून चालत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक इतकी शक्यता असलेला पूर, आणि ती शक्यता पूर येऊन गेल्यावरही पुढच्या वर्षी तेवढीच राहते. फाशाने एकदा सहा दाखविले म्हणून पुढच्या वेळी तो सहा टाळीत नाही, तसेच हे. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तर वीस वर्षांच्या कर्जफेडीच्या काळात लाल रेषेइतके पाणी निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात अठरा निघते, आणि निळ्या रेषेइतके येण्याची शंभरात छप्पन. म्हणजे निळ्या रेषेच्या आतील घर कर्ज काढून घेणाऱ्या दोन गृहस्थांपैकी निदान एकास हप्ते फिटण्यापूर्वी पाणी पाहावे लागणार. शिवाय हा हिशेब जुन्या नोंदी पुढेही तशाच राहतील असे धरून केलेला आहे. गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहता तेवढा भरवसा ठेववत नाही.

ज्यांचे घर नदीपासून लांब आहे ते वाचक येथवर निश्चिंतपणे वाचीत आले असतील. त्यांस दोन दिवसांची आठवण द्यावयाची आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ज्या मिठी नदीचे नावही कित्येक मुंबईकरांस ठाऊक नव्हते ती घरांत शिरली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्यास लोंढा आला आणि माणसे प्राणास मुकली. एरवी तो ओढा म्हणजे नाक दाबून ओलांडण्याचे गटार. म्हणून घराजवळ नदी नसेल तर ओढा कोठे आहे हे पाहावे. ओढा दिसत नसेल तर तो कोठे बुजविला आहे हे विचारावे. जुन्या नकाशात ओढा असतो व नव्या नकाशात रस्ता. पाण्याला मात्र जुनाच नकाशा ठाऊक असतो. धरणाखालच्या गावांनी धरणाकडेही लक्ष ठेवावे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचे धरण पूर्ण शाबूत असता, त्यातून सोडलेल्या पाण्याने व वरून पडणाऱ्या पावसाने सिंहगड रस्त्याकडील नदीकाठच्या वसाहतींत तळमजले बुडाले.

धरण शाबूत नसले तर काय होते, हे आमच्या आईने पाहिलेले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. आई तेव्हा बावीस वर्षांची, नव्यानेच सासरी आलेली. बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगास. नेसत्या वस्त्रानिशी सर्वजण उंचावरच्या नातलगांकडे गेले. माणसे वाचली. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर तांब्याचे हंडे चिखलातून उकरून काढले, ते घासून पुन्हा वापरातही आले. परंतु आमच्या आजोबांच्या हस्तलिखित पोथ्यांचा फडताळात लगदा झाला होता. त्यांतील एकच पोथी, वरच्या फळीवर असल्यामुळे, कडेला तपकिरी डाग पडून वाचली. ती आईजवळ अजून आहे. त्या काळी घराचा विमा ही गोष्ट आमच्यासारख्या कुटुंबांच्या स्वप्नातही नव्हती.

आज ती आहे, आणि म्हणूनच ओसरीवरील माप घेतल्यानंतरही पुतण्याने बंगल्याचा नाद एकदम सोडला नाही. “विमा उतरवू की, काका! पाणी आलेच तर कंपनी भरून देईल. तेवढ्यासाठी इतके स्वस्त घर का सोडावे?” हा युक्तिवाद पुष्कळ घरांतून ऐकू येतो. आम्ही त्यास एवढेच विचारले की, कंपनी भिंतीचे पैसे देईल, कपाटाचे देईल. परंतु रात्री दोन वाजता पाणी ओसरीला लागले तर आजीला उचलून कोठे नेशील? बंगल्याला वर मजला नव्हता. आणि आठ-दहा दिवस पाण्यात राहिलेल्या घरात, चिखल निघाल्यावर, ओल्या भिंतींमध्ये शहाऐंशी वर्षांच्या म्हातारीस किती दिवसांनी आणून निजवावयाचे, याचे कोष्टक विम्याच्या कागदात नसते. जी जागा मुळातच टाळावयास पाहिजे तीस विमा हा उतारा नव्हे. चांगली जागा निवडूनही जो धोका उरतो, त्याच्यासाठी तो आहे.

तो मात्र प्रत्येकाने उतरवावा, आणि नीट समजून उतरवावा. येथे आपल्या लोकांत तीन गैरसमज फार आढळतात. पहिला असा की, घरकर्ज घेताना बँकेने “विमा” म्हणून काही रक्कम कापली, तेव्हा घराचा विमा झालाच. तो विमा बहुधा कर्जदाराच्या जिवाचा असतो. कर्जदार वारला तर कर्ज फिटते, भिंत पडली तर काही मिळत नाही. आमच्या परिचयातील एका कुटुंबास हा भेद पाणी ओसरल्यानंतर कळला. दुसरा, बँकेने इमारतीचाही विमा उतरविला आहे म्हणून घरातील सामानही त्यात आले. ते येईलच असे नाही, आणि रक्कमही कर्जापुरतीच असू शकते. तिसरा, सोसायटी सर्व पाहते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा आग व भूकंप यांविरुद्ध अवश्य उतरावा असे म्हटले आहे. आपल्या संस्थेने पुराचाही उतरविला आहे की नाही, आणि तो चालू आहे की नाही, हे चिटणिसांकडून कागद पाहूनच ठरवावे. सोसायटीच्या विम्यात आपले फडताळ येत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने “भारत गृह रक्षा” नावाची एक ठराविक पॉलिसी लागू केली आहे. घराच्या आगीचा विमा उतरविणाऱ्या साधारण विमा कंपन्यांनी ती दिलीच पाहिजे, आणि मूळ शर्ती सर्वत्र सारख्या असल्यामुळे ग्राहकास तुलना करणे सोपे जाते. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व पाणी तुंबणे, दरड कोसळणे, पाण्याची टाकी वा नळ फुटणे हे सर्व त्यात मुळातच आहे. पुरासाठी निराळे पैसे भरून कलम जोडावे लागत नाही.

रक्कम किती धरावी, याविषयी मात्र घोटाळा होतो. घर सत्तर लाखांस घेतले म्हणून विमा सत्तर लाखांचा नसतो. सत्तर लाखांत जमिनीची किंमत आहे, आणि जमीन पुराने वाहून जात नाही. विमा उतरावयाचा तो घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा : घराचे चटईक्षेत्र गुणिले त्या वेळचा बांधकामाचा दर. समजा, चटईक्षेत्र एक हजार चौरस फूट व दर दोन हजार रुपये; तर विमा वीस लाखांचा. पॉलिसी इमारत व सामान दोहोंची घेतली तर इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांइतक्या सामानास, दहा लाखांच्या मर्यादेपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळते. या उदाहरणात ते चार लाख झाले. घरातील सामान त्याहून अधिक किमतीचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि अनेक वर्षांची घेतल्यास विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढत जाते. पूर्वी कमी रकमेचा विमा उतरविला असता त्या प्रमाणात भरपाईतही काट बसे. ही काट या पॉलिसीत नाही. मलबा हलविण्याचा व वास्तुविशारदाच्या फीचाही काही भाग मिळतो. घर राहण्याजोगे नसेल तर तेवढ्या काळातील दुसऱ्या जागेच्या भाड्याची तरतूद आहे, आणि सांगलीसारख्या, जेथे पाणी रेंगाळते, अशा गावी ती मोलाची ठरते.

आता जे मिळत नाही ते. रोख पैसे, नाणी, दस्तऐवज, रोखे यांची भरपाई नाही. दागिने व कलावस्तू यांसाठी निराळे संरक्षण मागून घ्यावे लागते. मोटार वा स्कूटर या पॉलिसीत येत नाही; तिचा स्वतःचा विमा हवा, आणि तोही केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता असून चालत नाही. (पाण्यात बुडालेल्या मोटारीचे इंजिन “चालते का पाहू” म्हणून सुरू करू नये, पाण्याने झाले नव्हते तेवढे नुकसान त्या एका चावीने होते, आणि पुढे भरपाईचाही वाद पडतो.) आणि वगळलेल्या वस्तूंच्या त्याच यादीत एक शब्द आम्हांस दिसला, तो म्हणजे हस्तलिखिते.

विम्याच्या अर्जात खरे लिहावे. पूर्वी पाणी आले होते काय, असे विचारलेले असल्यास “होय” लिहावे. एजंट “कशाला लिहिता” म्हणाला तरी लिहावे, कारण पुढे अडचणीच्या दिवशी एजंट नव्हे, अर्ज बोलतो. घर सर्वांच्या समाईक मालकीचे असेल तर विमाही सर्व मालकांच्या नावे असावा. एकत्र कुटुंबांतून एका भावाच्या नावे पॉलिसी व तिघांच्या नावे घर असा प्रकार फार असतो. घर ताब्यात येईल त्याच दिवसापासून विमा सुरू व्हावा. श्रावणात नदी चढू लागल्यावर विमा कंपनीचे दार ठोठावणे म्हणजे घर पेटल्यावर आड खणावयास घेणे.

दर वर्षी ज्येष्ठात प्रत्येक खोलीची, कपाटे उघडून, छायाचित्रे काढावी आणि ती परगावच्या नातलगाकडे पाठवून ठेवावी. पाणी ओसरल्यावर कंपनीस ताबडतोब कळवावे, आणि पाहणी करणारा येईपर्यंत बिघडलेली वस्तू टाकू नये. चिखल पाहिला की हात थांबत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु आधी छायाचित्र, मग खराटा.

बंगला आम्ही सोडला. पुतण्या पंधरा दिवस घुम्यासारखा वागत होता, आणि पारिजातकाचे दुःख वहिनींनाही झाले. पुढे वैशाखात नदीपासून दूर, चढावरच्या वस्तीत, एका लहान इमारतीतील तळमजल्याची जागा पाहण्यात आली. खोल्या दोन कमी, अंगण म्हणजे चार फरश्या, आणि दर मात्र अधिक. या वेळी पुतण्याने आपण होऊन मागच्या ओढ्याचा माग काढला, शेजाऱ्यांस २०१९ व २०२१ विषयी विचारले, आणि मालकांना पावसाळा लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली. ते थांबले, हे त्यांचे उपकार. आषाढात एका रात्री मुसळधार पाऊस लागला असता हा पठ्ठ्या छत्री घेऊन त्या गल्लीत जाऊन उभा राहिला. रस्त्यावर घोटाभर पाणी साचले व अर्ध्या तासात वाहून गेले. इमारतीच्या पाच पायऱ्यांपैकी पहिलीही भिजली नाही. मग खरेदीखत झाले. पाच पायऱ्यांच्या बाजूस आईसाठी एक उतरती वाट बांधून घेतली आहे. चाकाच्या खुर्चीवरून तिला रस्त्यापर्यंत आणता येते.

विम्याचा कागद आला त्या दिवशी आम्ही तेथेच होतो. पुतण्याने आजीला तो मराठीत समजावून सांगितला. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आणि पोथी?”

“पोथीचे पैसे मिळत नाहीत, आजी. हस्तलिखित यात बसत नाही.”

त्याने संध्याकाळी बसून तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले. मग ती नव्या कापडात बांधून वहिनींनी छताजवळच्या माळ्यावर, अगदी वरच्या कोपऱ्यात ठेविली. आई खाटेवरून पाहत होती. “तेथवर हात पुरतो ना गं तुझा?” तिने विचारले.